मुलांचे व्हिडिओ गेम आणि मानसिक आरोग्य : पालकांनी या चुका टाळाव्यात

फक्त तास मोजणे

मूल किती वेळ खेळते, हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. परंतु दोन तास खेळून वेळेवर झोपणारे, मित्रांत मिसळणारे मूल आणि त्याच दोन तासांसाठी झोप, जेवण व मैत्री बाजूला सारणारे मूल यांची मानसिक अवस्था एकसारखी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार समाविष्ट आहे. पण त्याच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. ती साधारणपणे बारा महिने टिकलेली असावी लागतात आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा नातेसंबंध यांची मोठी हानी झालेली असावी लागते. त्यामुळे सुट्टीत आठवडाभर गेममध्ये बुडालेल्या मुलाला 'व्यसनी' म्हणणे चुकीचे तर आहेच, शिवाय तो शिक्का मुलाच्या मनावर दीर्घकाळ राहतो.

चालू सामना मधेच तोडणे

घरातली सर्वाधिक भांडणे याच एका कारणावरून होतात, असे माझे ठाम मत आहे. 'आत्ताच्या आत्ता बंद कर' हा हुकूम येतो तेव्हा मूल अनेकदा इतर साथीदारांबरोबर सांघिक सामना खेळत असते. असा ऑनलाइन सामना मधे थांबवता येत नाही. मधेच बाहेर पडल्यास संघ एका खेळाडूने कमी होतो, साथीदारांची बोलणी खावी लागतात आणि अनेक गेममध्ये गुण कापले जातात किंवा काही काळ खेळण्यास बंदी येते. पालकांना यातले काहीच दिसत नाही. दिसते ते फक्त मुलाचे ओरडणे, आणि तेच व्यसनाचा पुरावा मानले जाते. वास्तविक भरात आलेला खेळ हिसकावला गेला की कोणतेही मूल चिडते.

यावर उपाय अवघड नाही. मुलाच्या शेजारी बसून एक-दोन सामने पाहावेत, एक सामना साधारण किती वेळ चालतो हे त्यालाच विचारावे आणि 'आठ वाजता बंद' असे ठरवण्याऐवजी 'साडेसातनंतर नवा सामना सुरू करायचा नाही' असे दोघांनी मिळून ठरवावे. नियम ठरवताना मुलाचा सहभाग असेल, तर तो पाळला जाण्याची शक्यता पुष्कळच वाढते. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम खेळण्यास कायद्याने बंदी केली होती; दहा वर्षांनी ती सक्ती मागे घेऊन खेळण्याची वेळ ठरवणे मुलांवर व पालकांवर सोपवण्यात आले.

गेमलाच मूळ कारण समजणे

शाळेत छळ सोसणारे, एकटे पडलेले किंवा उदास असलेले मूल गेमकडे वळते, कारण तिथे त्याला कोणीतरी ओळखते आणि तिथे त्याला काहीतरी जमते. अतिखेळणे आणि नैराश्य एकत्र दिसले, तरी आधी काय आले हे घाईने ठरवू नये. अशा मुलाचा फोन काढून घेतला, तर दुःख तसेच राहते आणि आधार मात्र जातो. खेळणे कधीपासून वाढले आणि त्या सुमारास आयुष्यात काय बदलले, हे आधी शांतपणे विचारावे.

झोपेकडे आणि पैशांकडे दुर्लक्ष करणे

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. गेमचे कितीतरी दुष्परिणाम, म्हणजे चिडचिड, विसरभोळेपणा, अभ्यासात मन न लागणे, हे अपुऱ्या झोपेतून येतात. म्हणून रात्री उपकरणे झोपायच्या खोलीबाहेर ठेवण्याचा नियम मी सर्वांत आधी लावेन, आणि तो पालकांनाही लागू असावा. तसेच आत काय आहे हे न पाहता विकत घ्यायच्या बक्षिसांच्या पेट्या, म्हणजेच 'लूट बॉक्स', जुगाराच्याच तत्त्वावर चालतात. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या जुगार कायद्याच्या कक्षेत आणल्या. मुलाच्या उपकरणावरील खरेदी पासवर्डने बंद ठेवावी.

मदत घेण्यास उशीर करणे

मूल शाळेत जाणे टाळू लागले, जुने मित्र व छंद सुटले, खेळण्याबद्दल खोटे बोलू लागले किंवा जगण्याबद्दल निराशेने बोलू लागले, तर बालमानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. स्वतःला इजा करण्याचा विषय निघाल्यास त्याच दिवशी. एरवी भेटीपूर्वी दोन आठवडे झोपेच्या वेळा, खेळण्याच्या वेळा आणि त्याआधीची मुलाची मनःस्थिती यांची नोंद ठेवावी. ती मुलाला सांगून, शक्य तर त्याच्याच हाताने करावी.