पोर्टलमध्ये नाव घालण्याआधी
माझी लेक अमेरिकेत कॉलेजकडून टेनिस खेळते. तिने कॉलेज बदललं तेव्हा शिकलो ते सांगतो. आधी नव्या ठिकाणी जुन्या कॉलेजात पूर्ण केलेल्या विषयांचे किती क्रेडिट्स धरतील ते लेखी घ्या. आमचे नऊ बुडाले. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव गेलं की जुनं कॉलेज सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती बंद करू शकतं, म्हणून घाई नको. 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पण मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल-बास्केटबॉललाच. टेनिसवाल्यांनी फार आशा धरू नये! जाहिरातीचा करार 600 डॉलर किंवा त्यावर असेल, तर 'एनआयएल गो'वर, म्हणजे कॉलेज-खेळाडूंचे असे करार तपासणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेत, नोंदवा. कराचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. आम्ही फ्रीजवर चिठ्ठीच डकवलीय. मूल एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल, तर करारावर सहीआधी इमिग्रेशनचा वकील गाठा.