मुंबईच्या थंडीत ऑफिसला जाताना काय घालावं

निफाडकडून किंवा विदर्भातून नोकरीसाठी येणाऱ्या मुलांच्या बॅगेत जाडजूड जॅकेट हमखास असतं. ते घरीच राहू द्या. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. एरवी जानेवारीच्या दुपारी पारा तिशीपर्यंत जातोच.

तरीही नुसत्या शर्टावर निघू नका. भाडं परवडतं म्हणून नवीन माणूस बदलापूर, कर्जत, आसनगावला खोली घेतो. समुद्र लांब, त्यामुळे तिथली पहाट कुलाब्यापेक्षा बरीच गार. पहाटेच्या लोकलमध्ये दारातून वारा झोंबतो, कल्याणला गाडी भरली की ठाण्यापर्यंत घाम फुटतो, आणि ऑफिसात एसीखाली तोच ओला शर्ट पाठीला गार लागतो. कपडे निवडायचे ते या तिन्हींचा विचार करून.

माझं ठाम मत: पातळ लोकरीचा, बिनबाह्यांचा स्वेटर घ्या, गडद निळा किंवा राखाडी. छाती उबदार राहते, हात मोकळे राहतात, वर ब्लेझर चढवला तरी खांदे फुगत नाहीत. प्रवासात त्यावर घडी होणारं विंडचीटर पुरतं. वारा तेच अडवतं. मात्र गाडी भरण्याआधीच ते काढून बॅगेत टाका, नंतर गर्दीत कोपर हलवायलाही जागा नसते. पास आणि मोबाईलसाठी आतून चेनचा खिसा आहे ना, ते बघूनच घ्या. मफलर घालत असाल तर टोकं आत खोचा, लोंबती ठेवू नका.

शर्ट सुती-पॉलिस्टर मिश्रणाचा बरा, चुरगळत कमी आणि वाळतो लवकर. पँट गडद रंगाची. बूट रबरी तळव्याचे. पुलाच्या पायऱ्यांवर चामडी तळवा घसरतो.

पहिल्या पगारात ब्रँडेड सूट घ्यायची घाई करू नका. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटात कापड बघा, हातात घेऊन चुरगळा, सोडल्यावर सुरकुती राहते का पाहा, आणि ओळखीच्या शिंप्याकडून ब्लेझर शिवून घ्या. अस्तर अर्धंच लावायला सांगा. पूर्ण अस्तराचा ब्लेझर इथे फेब्रुवारीतच नकोसा होतो.

चामड्याचं जॅकेट कितीही आवडलं तरी घेऊ नका, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. स्वेटरही मार्चमध्ये धुऊन, कडक वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून बंद पिशवीत ठेवा.