परदेशातल्या मुलांना ऑनलाइन सोशल वर्क शिकवताय? आधी फिल्डवर्कचं विचारा

एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर्स डिग्री, करून चार-पाच वर्षं वस्तीत काम केलेली आमची मुलं हल्ली विचारतात, "मॅडम, ऑनलाइन शिकवायचं काम आलंय, चार देशांतले विद्यार्थी आहेत, घेऊ का?" जरूर घ्या. पण स्लाइड्स करायला बसण्याआधी संस्थेला विचारा की फिल्डवर्कवर, म्हणजे विद्यार्थी वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करतात त्यावर, देखरेख कोण करणार. "विद्यार्थी आपापलं बघतील" असं उत्तर आलं, तर मी तरी ते काम घेणार नाही.

मुंबईत हा विषय १९३६ पासून शिकवला जातोय. आजची टाटा इन्स्टिट्यूट तेव्हा सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क होती आणि तिची मुळं नागपाड्याच्या वस्तीकामात होती. आपणही तसेच घडलो: आठवड्यातले काही दिवस फिल्ड, मग रेकॉर्डिंग, म्हणजे केलेल्या कामाची लेखी नोंद, मग सुपरवायझरसमोर आयसी, म्हणजे त्या कामावर एकेकट्याने चर्चा (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स). लेक्चर ऑनलाइन नेणं सोपं आहे. आयसी नेणं अवघड, कारण विद्यार्थी वस्तीत काय करून आला ते तुम्ही पाहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्याच्याच गावातला एक सुपरवायझर हवा आणि तुमचं त्याच्याशी थेट बोलणं हवं.

शिकवायला मुंबईच्या केसेस बेलाशक वापरा, फक्त नावं-खुणा बदला. मी गोवंडीतल्या एका कुटुंबाची केस देते. झोपडपट्टी पुनर्वसनात ते 'अपात्र' ठरलंय, मुलीची शाळा सुटलीय. आपल्याला यात समजावण्यासारखं काही वाटत नाही. बाहेरच्या विद्यार्थ्यांना मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं: झोपडीत राहत असल्याचा १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, आणि त्याहून नंतर आलेला माणूस यादीबाहेर. एकदा नैरोबीच्या विद्यार्थिनीने विचारलं, "आणि भाडेकरूचं काय?" त्यांच्याकडे किबेरासारख्या वस्तीत बहुतेक लोक भाड्यानेच राहतात, त्यामुळे तिला पहिला प्रश्न तोच पडला. मुंबईची मुलं गप्प झाली. सतत खोली बदलणाऱ्या भाडेकरूकडे जुना पुरावा असणार कुठून? त्या दिवशी माझ्या पुढच्या सगळ्या स्लाइड्स तशाच राहिल्या, आणि तास उत्तम झाला.

पद्धती सगळीकडे सारख्याच, केसवर्क (एकेका व्यक्ती-कुटुंबासोबत काम), ग्रुपवर्क (गटासोबत), सीओ (कम्युनिटी ऑर्गनायझेशन, म्हणजे वस्ती संघटित करणं). कायदा आणि यंत्रणा मात्र देशागणिक बदलतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. दुसऱ्या देशातल्या विद्यार्थ्याला हेच उत्तर म्हणून देऊ नका. पहिली असाइनमेंट म्हणून एका पानावर लिहून घ्या: रात्री अकरा वाजता असं मूल समोर आलं तर फोन कोणाला, कायदा कोणता, सकाळी कोणत्या ऑफिसात जायचं. मुंबईकर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लिहितात, काठमांडूवालेही १०९८ च लिहितात, नैरोबीवाले ११६, तर फिलिपिन्सची मुलं सरळ बारांगायच्या, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान स्थानिक प्रशासनाच्या, ऑफिसचं नाव घेतात. ही पानं सगळ्यांना वाटून टाका, वर्षभर पुरतात.

गोपनीयतेचं कलम आपण तोंडपाठ शिकवतो आणि ज्या खोलीतून विद्यार्थी बोलतोय ती विसरतो. आमची एक मुलगी चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून बसायची, मागे सासूबाई भाजी निवडत असायच्या. घरगुती हिंसेच्या केसवर ती एक शब्द बोलायची नाही, चॅटमध्ये मात्र मुद्देसूद लिहायची. तेव्हा केसच्या चर्चेत कॅमेऱ्याची सक्ती नको, इअरफोन हवाच, आणि त्या भागाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग बंद.

वेळेचं म्हणाल तर आपली संध्याकाळची साडेसहा बरी पडते. तेव्हा नैरोबीत चार वाजलेले असतात, मनिलात नऊ. लंडनचा कोणी असेल तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्याचं घड्याळ तासाने सरकतं; हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या तासाला तो गायब.

"या डिग्रीवर आमच्याकडे नोकरी मिळेल का?" हे पहिल्याच आठवड्यात विचारलं जाईल. गोलमाल उत्तर देऊ नका. भारतात सोशल वर्करला सरसकट लायसन्स लागत नाही, पण फिलिपिन्समध्ये परीक्षा देऊन घ्यावं लागतं, आणि इंग्लंडमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवताही येत नाही. आपापल्या देशात चौकशी करूनच फी भरा, असं स्पष्ट सांगा. संस्थेला ते आवडणार नाही, चालेल.

आता पैशांचं. मानधन बहुधा लेक्चरच्या तासावर ठरतं. पण दर आठवड्याची फिल्डवर्क रेकॉर्डिंग्ज वाचून त्यांवर शेरे लिहायला लेक्चरपेक्षा जास्त वेळ जातो. त्याचा दर वेगळा ठरवून करारात लिहून घ्या.