अर्ली म्युझिक महोत्सवाला प्रस्ताव पाठवताय? या चुका टाळा

अर्ली म्युझिक म्हणजे युरोपातलं मध्ययुगापासून बरोकपर्यंतचं, साधारण 1750 पर्यंतचं संगीत. त्याच्या महोत्सवाला प्रस्ताव पाठवायचा तर आधी कॅलेंडर बघा. बॉस्टनचा अर्ली म्युझिक फेस्टिव्हल 1981 पासून वर्षाआड भरतो, तोही विषम सालात, जूनमध्ये. सम सालातला जून टाकून प्रस्ताव पाठवलात तर पुढचं कोणी वाचणार नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा महोत्सव दरवर्षी असतो, ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि त्याला त्या वर्षाचा एक विषय असतो. तो विषय न वाचता पाठवलेला ‘बरोक संगीताची मेजवानी’ छाप कार्यक्रम वाया गेलाच म्हणून समजा. मेजवानी सगळेच देतात. तुम्ही कोणत्या शहराचं, कोणत्या दहा-वीस वर्षांतलं संगीत वाजवणार आणि त्या रचना एका बैठकीत का बसतात, हे तीन ओळींत लिहा.

दार चुकवू नका. मुख्य मंचावर बहुतेक मान्यवरांना आमंत्रण असतं. नवख्यांनी फ्रिंज, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या जोडीने होणारे बाहेरचे कार्यक्रम, बघावं. बॉस्टनला फ्रिंज म्हणजे कार्यक्रम तुमचा तुम्ही उभा करायचा: जागा शोधण्यापासून खर्चापर्यंत सगळं. मानधनाची अपेक्षा लिहून बसू नका. तरुण वादक-गायकांच्या संचांसाठी इंग्लंडमधल्या यॉर्कची आंतरराष्ट्रीय स्पर्धा हा वेगळा रस्ता आहे.

आता पट्टी. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. बरोकसाठी आज ‘ए’ हा सूर साधारण 415 हर्ट्झचा धरतात (आधुनिक पट्टीत तो 440 चा), म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी सहाच्या जागी काळी चार. फ्रेंच संगीताला बऱ्याचदा 392, व्हेनिसकडच्या जुन्या संगीताला 465. आम्ही एका चर्चला नुसतं ‘ऑर्गन हवा’ असं लिहिलं होतं. ऑर्गन मिळाला, पण 440 चा, आणि आमच्या बासरीवालीकडे फक्त 415 चा रेकॉर्डर, म्हणजे उभी धरायची बासरी. व्हायोलिनच्या खुंट्या पिळता येतात, रेकॉर्डर काही अर्धा सूर वर चढत नाही. ऑर्गनवाल्याने बिचाऱ्याने डी मायनरमधली रचना अर्धा सूर खाली, सी शार्प मायनरमध्ये घेतली. पण ऑर्गन मीनटोन या सूर लावण्याच्या जुन्या पद्धतीत लावलेला! त्यात जी शार्प आणि ई फ्लॅट यांची पंचम इतकी बेसूर की तिला ‘लांडगा’च म्हणतात, आणि सी शार्प मायनरमध्ये ती टळणार कशी? दर काही मात्रांनी चर्चभर लांडगा भुंकत होता. समोरच्या आजीबाईंनी सरळ डोळे मिटले.

तेव्हापासून आमच्या प्रस्तावात एक ओळ ठरलेली असते: ‘ए 415, व्हॅलोटी, दोन कळपट्ट्यांचा हार्पसिकॉर्ड, कार्यक्रमाआधी ट्यूनिंगला एक तास, मध्यंतरात पुन्हा.’ व्हॅलोटी म्हणजे सूर लावण्याची अशी पद्धत, जिच्यात लांडगा नसतो; हार्पसिकॉर्ड म्हणजे तारा छेडून वाजणारं, पियानोच्या आधीचं कळवाद्य. कळफलक सरकवून 415 आणि 440 दोन्हीवर वाजणारे हार्पसिकॉर्डही असतात, पण तसं वाद्य आहे का हे विचारावं लागतं.

वेळेत ट्यूनिंगची मिनिटंही धरा. थिओर्बो या लांब मानेच्या तंतुवाद्याला चौदा तारा, आतड्याच्या तारा दमट हवेत उतरतात. साठ मिनिटांची जागा असेल तर संगीत पन्नासच लिहा. तानपुरा लावताना थांबायची सवय असलेल्या आपल्यालाही तिथे हा हिशेब चुकतो.

व्हिडिओ स्टुडिओतला, जोडकाम केलेला, वर घुमारा ओतलेला नको. एकाच दमात वाजवलेली सात-आठ मिनिटं पुरतात. फोनवर घेतली तरी चालेल, फक्त फोन हार्पसिकॉर्डवर ठेवू नका, कळांची खडखड तेवढी ऐकू येते.