मोठ्या हॉटेलात जेवायला जाताय? कपड्यांच्या या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात लेकीने पहिल्या पगाराचं जेवण दिलं. नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये, जेवण वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात, टेबल रात्री आठचं. "आई-बाबा, जरा नीट तयार होऊन या," एवढंच तिने बजावलं होतं. आम्ही झालोही नीट तयार. मी कोसा रेशमाची साडी नेसले. ह्यांनी मेव्हण्याच्या लग्नातला ब्लेझर काढला आणि खोक्यात जपून ठेवलेले काळे बूटही काढले. आरशात दोघंही झकास दिसत होतो. हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवर वीसेक पावलं चाललो असू, तेवढ्यात लेकीने मागे वळून पाहिलं. बाबांच्या मागोमाग काळ्या चुऱ्याची रांग लागली होती. बुटांचे सोल भुसभुशीत होऊन गळत होते. एक मुलगा काही न बोलता झाडू घेऊन आला. ह्यांनी पुढचे अडीच तास दोन्ही पाय खुर्चीखाली घेऊन काढले.

तेव्हापासून घरात, नात्यात कुणी अशा ठिकाणी निघालं की आधी मला फोन येतो. ऐकून ऐकून एक लक्षात आलंय. आपण कपडे आरशासमोर उभं राहून ठरवतो. जेवण मात्र बसून होतं, आणि त्याच्या आधी नागपूरचा रस्ता असतो.

"ड्रेस कोड काय आहे?" एवढंच विचारणं

या प्रश्नाला फोनवर एकच उत्तर मिळतं, "स्मार्ट कॅज्युअल, सर." त्यातून ज्याला जे हवं ते तो काढतो. माझा भाचा त्यातलं फक्त कॅज्युअल ऐकून हाफ पँटमध्ये निघाला होता. साधारणपणे या शब्दाचा अर्थ असा घ्यावा: कॉलरचा शर्ट किंवा नेटका कुर्ता, फुल पँट, पाय झाकणारे बूट. गडद रंगाची, न फाटलेली जीन्स बहुतेक ठिकाणी चालते. पण अंदाज बांधण्यापेक्षा नेमकं विचारा. गोल गळ्याचा टी-शर्ट चालेल का? पुरुषांना चप्पल-सँडल चालते का? आमच्यासोबत आजोबा आहेत, धोतर नेसतात, काही अडचण? आणि ज्या रेस्टॉरंटमध्ये टेबल आहे त्याचं नाव घेऊन विचारा. एकाच हॉटेलात खालच्या कॉफी शॉपला एक नियम असतो आणि वरच्या रेस्टॉरंटला दुसरा.

आजोबांचं विचारायला संकोच नको. २०१४ मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनाच वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून क्लबात सोडलं नव्हतं. त्यानंतर तामिळनाडूने असं अडवण्याविरुद्ध कायदाच केला. २०२१ मध्ये दिल्लीत 'साडी स्मार्ट कॅज्युअलमध्ये येत नाही' म्हणून एका बाईंना अडवल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. साडी नाही तर मग काय येतं, हे मला अजून कळलेलं नाही. पण भर दारात वाद घालून कुणाचं जेवण गोड लागत नाही, म्हणून आदल्या दिवशीचा फोन बरा.

कोल्हापुरीचं दुखणं वेगळंच. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये अगदी तशीच चप्पल दाखवली, आपल्याकडे आरडाओरडा झाला, मग प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं कंपनीने मान्य केलं. इतकं होऊनही पुरुषाच्या पायातली कोल्हापुरी आपल्याच काही हॉटेलांच्या दारात अडते. कुर्त्यावर घालायची असेल तर विचारूनच घाला, किंवा मोजडी घाला.

पत्रिकेवर 'ब्लॅक टाय' असेल तर काळा टाय शोधत बर्डीचा बाजार पालथा घालू नका. त्याचा अर्थ डिनर जॅकेट आणि बो टाय. आपल्याकडे त्याला काळा बंदगळा शोभून दिसतो, आणि तो पुढच्या लग्नातही घालता येतो.

बूट फक्त बाहेरून पाहणं

आमच्या ह्यांचे बूट सहा वर्षांत चार वेळा पायात गेले असतील. "नवेच तर आहेत!" हे वाक्य मी त्या आठवड्यात बरेचदा ऐकलं. घोटाळा तिथेच आहे. आजकालच्या बऱ्याच बुटांचे सोल पॉलीयुरेथेन नावाच्या फोमसारख्या प्लास्टिकचे असतात. हवेतल्या ओलाव्याने ते आतून कुजत जातात, वापरा किंवा नका वापरू. उलट खोक्यात बंद राहिलेले बूट जास्त दगा देतात, कारण तोपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही. वरचं चामडं चकचकीत आणि खाली माती. झटपट गोंदाने ते चिकटत नाही, चिकटायला धड काही उरलेलंच नसतं. चांभाराकडे पूर्ण सोल बदलून मिळतो, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात.

म्हणून तीन दिवस आधी बूट काढा. अंगठ्याने सोल दाबा, बूट मधून वाकवा. भेग दिसली, चिकट लागलं किंवा भुगा पडला तर लगेच चांभार गाठा. काही दिसलं नाही तरी आदल्या संध्याकाळी गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या मारा. काय गळायचं ते गच्चीवर गळू द्या.

मोजे लांब हवेत. खुर्चीत बसलं की पँट वर सरकते आणि आखूड मोज्याच्या वर पोटरी उघडी पडते. रंग पँटच्या जवळचा असला की झालं.

उन्हाळ्यात हॉटेलच्या आतल्या हवेसाठी कपडे घालणं

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि रात्री आठलाही रस्ता भट्टीसारखा फुफाटतो. हॉटेलात मात्र एसी इतका की वीस मिनिटांत हात गार पडतात. दोन्हीसाठी एकच कपडा निवडायला गेलं की फसगत होते. पॉलिस्टर मिसळलेला शर्ट घातला तर दारापर्यंत पाठ भिजते, आणि तीच ओली पाठ आत जाऊन गारठते. खाली सुती, वर चढवता-उतरवता येईल असं काहीतरी, हे गणित मला जमलंय. पुरुषांनी ब्लेझर किंवा नेहरू जाकीट हातावर घेऊन जावं आणि आत शिरल्यावर घालावं. बायकांनी पर्समध्ये एक स्टोल ठेवावा.

लिनन उन्हाळ्यात छान, पण गाडीत सीटबेल्ट लावला की छातीवर तिरपी चुणी पडते ती पडतेच. ज्याला ती खुपते त्याने जाडसर सुती शर्ट घालावा. मला खुपत नाही.

आणि दुचाकीने जाणाऱ्यांबद्दल कुणी लिहितच नाही. आपल्याकडे अर्धं शहर ॲक्टिव्हावर आहे, हेल्मेट आहे, चेहऱ्याला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आहे. मोठ्या हॉटेलात जायचं म्हणून ते सुटत नाही आणि सोडूही नये. फक्त वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. चेहरा धुवा, केसांवरून ओला हात फिरवा, घाम वाळू द्या. लिपस्टिक तिथेच लावा, स्कार्फखाली लावून काही उपयोग नाही. साडी नेसून मागे बसायचं असेल तर पदर कमरेला खोचून घ्या, चाकाजवळ लोंबू देऊ नका.

हिवाळ्यात उलटी गंमत. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. तशा थंडीत बिनबाह्यांचं ब्लाउज घालून निघायचं आणि शाल 'लूक बिघडतो' म्हणून घरी ठेवायची, हा प्रकार मी दोन लग्नसराया पाहिला. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकता येते. सर्दी कुठे टाकणार? डिसेंबरात आणखी एक जपा. अधिवेशन चालू असताना पांढरा कुर्ता आणि जाकीट घालून गेलात तर आमदार समजून कुणीतरी निवेदन हातात देईल. आमच्या शेजारच्या काकांना दिलं होतं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि "बघतो" म्हणाले.

नव्या ब्लेझरचे टाके तसेच ठेवणं

ब्लेझरला मागे चीर असते, तिथे फुलीसारखा जाड दोरा घातलेला असतो. तो दुकानातून घरी येईपर्यंत घडी राहावी म्हणून घातलेला कच्चा टाका आहे, नक्षी नव्हे. उसवा. बाहीवर कंपनीची पट्टी असेल तर तीही काढा. खिसे शिवलेले असतील तर एखादा उसवला तरी पुरे. सर्वांत खालचं बटण लावायचं नाही, आणि बसताना सगळीच बटणं मोकळी करायची, नाहीतर पोटावर कापड ताणलं जातं.

उभं राहून साडी नेसणं आणि तिथेच थांबणं

इथे माझं मत ठाम आहे. नेसून झालं की घरच्या जेवणाच्या खुर्चीत दहा मिनिटं बसा. पुढे वाका, ताटातून घास घेतल्यासारखा हात न्या, मागे टेका. परकराची नाडी सूपाच्या वेळी बरी वाटते आणि चौथ्या पदार्थाला श्वास कोंडते. नेहमीपेक्षा एक बोट सैल बांधा. ब्लाउज काखेत घट्ट असेल तर ते काट्या-चमच्याने खाताना जाणवतं, घरी हाताने खाताना नाही, कारण काट्या-चमच्याला कोपर वर उचलावं लागतं. पुरुषांच्या पँटलाही हेच लागू. लग्नातल्या पँटमध्ये पोट आत घेऊन उभं राहता येतं, पण सात पदार्थांचं जेवण तसं जेवता येत नाही.

सुटा पदर हातावर घेतला की दिसतो देखणा, पण मीठ घ्यायला हात पुढे केला की तो आधी सूपात जातो. बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन लावा. मोठ्या घेराच्या बाह्या, लोंबणारी ओढणी यांचंही तेच. टेबलावर मेणबत्ती असेल आणि ओढणी सिंथेटिक असेल तर जास्तच जपा, ते कापड वितळून अंगाला चिकटतं. काचेच्या बांगड्या एका हातात दोन-चार ठेवा. डझनभर घातल्या की प्रत्येक घासाला ताटलीवर खणखणाट होतो, आणि अशा ठिकाणी इतकी शांतता असते की तो शेजारच्या टेबलावर पोहोचतो.

नवीन काही घ्यायलाच हवं असं मात्र नाही. आपल्या विदर्भाची करवतकाठी कोसा साडी घरात असेल तर तिच्यापुढे मॉलमधला गाऊन फिका पडतो. काठावरचे करवतीचे दाते मंद दिव्यातही उठून दिसतात. कोसा चमकत नाही, उजळतो. माझ्या सासूबाईंची होती, तीच मी त्या रात्री नेसले होते. "काऊन वं, लग्नाला चाललो का आपण?" असं ह्यांनी विचारलं खरं, पण हॉटेलातल्या दोघीतिघींनी थांबून काठ पाहिला.

कपाटाचा वास सोबत नेणं

त्या कोशाला डांबरगोळ्यांचा वास होता, ब्लेझरलाही. तो आपल्या नाकाला कळत नाही, समोरच्याला कळतो. दोन दिवस आधी सावलीत, वाऱ्यावर टांगा. उन्हात नको, रेशीम विटतं. वास दाबायला वर सेंट मारू नका, दोन्ही मिळून तिसराच काहीतरी दर्प तयार होतो. अन्नाची चव बरीचशी नाकाने कळते, त्यामुळे दाट अत्तर लावून महागडं जेवण जेवणं म्हणजे पैसे देऊन नाक बंद करणं. मोगऱ्याचा गजरा मला फार आवडतो, तरी मी तो अशा वेळी घालत नाही.

डाग पडला की घाबरून चोळणं

रस्सा सांडणारच, त्याला सावजीची तर्रीच लागते असं नाही. चोळू नका. चमच्याच्या कडेने वरचं उचला, मग कोरड्या नॅपकिनने दाबून टिपा. हळदीच्या डागावर बाथरूममधला साबण तर मुळीच लावू नका. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, साबणातल्या क्षाराने लाल होतं, आणि पिवळ्या ठिपक्याचा कुंकवासारखा फराटा होतो. पांढऱ्या सुती शर्टावर तसं झालंच तर घरी येऊन धुवा आणि दोन-तीन दिवस उन्हात टाका. हळद उन्हात उडते, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. तेलकट डागावर टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवा. रेशमावर पाणी लावू नका, पाण्याचाच वेगळा डाग राहतो. टिपा आणि सकाळी ड्रायक्लीनला द्या, डाग कशाचा ते सांगून द्या.

माझ्या कोशावर त्या रात्री केशरी सॉसचा एक थेंब पडला, मांडीवर, अगदी समोर. मी सवयीने ओल्या नॅपकिनने चोळला. ड्रायक्लीनवाल्याने सॉस काढला, पण पाण्याचं कडं अजून आहे, रुपयाएवढं. आता नेसताना ते आत जाईल अशी पहिली निरी घेते.