नरक्या लावताय? या चुका टाळा

नरक्या जगवायचा असेल, तर आधी रानातून रोपं उपटून आणणं बंद करा. पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग, इथल्या दाट रानाच्या सावलीत हे झुडूप वाढतं. कर्करोगावरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन त्याच्या खोडात आणि मुळांत असतं, म्हणून व्यापाऱ्यांनी ते मुळासकट खणून नेलं. आता जे उरलंय त्यातली कोवळी रोपं संवर्धनाच्या नावाखाली काढायची, हे मला अजिबात पटत नाही. कोयना अभयारण्यातून किंवा चांदोलीतून आणलीत, तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हाही आहे.

दुसरी चूक घाईची, आणि ती दरवर्षी बघावी लागते. पाटणकडच्या एका रोपवाटिकेत थंडीत नरक्याचं बी पिशव्यांत टाकलं होतं. महिना झाला तरी कोंब दिसेना. "बी पोकळ निघालं" म्हणत पोरांनी सगळ्या पिशव्या शेडमागं ओतल्या आणि त्यांत सिल्व्हर ओक लावला. वळवाचे दोन पाऊस झाले आणि त्याच ढिगाऱ्यातून नरक्या वर आला. कुणाच्या ध्यानात येईपर्यंत निम्मी रोपं फावड्याखाली गेली होती. अहो, हे बी महिना-दीड महिना हूं की चूं करत नाही, आणि नंतरही सगळं एकदम उगवत नाही. मी जांभळं पिकलेलं फळ झाडाखालून उचलतो, गर धुतो आणि लगेच सावलीतल्या पिशवीत पेरतो. पिशवीवर तारीख लिहितो. पावसाळा लागेपर्यंत त्या मातीला हात लावायचा नाही. सगळी फळं मात्र वेचू नका, पाखरांचा वाटा झाडावर राहू द्या.

उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर लावू नका, पहिल्याच उन्हाळ्यात करपेल.

एकटं झाड लावून फळांची वाट बघू नका. काही झाडांना नुसती नरफुलंच येतात. पाच-सात जवळजवळ लावा.

मालकीच्या रानातला नरक्या विकू नयेच. पण तोडच झाली, तर बुंधा तरी राखा. बुडातून धुमारे फुटतात. मुळं खणली की झाड गेलंच.

आणि नरक्याच्या सालीचा काढा! घरात कुणाला कॅन्सर झाला की नरक्याची साल शोधत माणसं येतात. १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं गेलं. त्या शोधातले मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ साली ते नरक्यातही सापडलं. पण ते थेट रुग्णांना दिलं, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव झाला, रक्तातल्या पेशी घटल्या आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. आज दवाखान्यात देतात ती टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही त्याच्या रचनेत बदल करून केलेली औषधं, तीही मोजून-मापून आणि रक्त तपासत. चुलीवर उकळलेल्या सालीत किती विष उतरलं, हे कोण मोजणार? कुणी साल मागायला आलं तर देऊ नका. पेशंटला घेऊन कराडला किंवा मिरजेला कॅन्सरच्या डॉक्टरकडे जायला सांगा.