तान्ह्या लेकराला बोटीत न्यायचंय? मग आधी ही तयारी बघा

दिवाळीनंतर आमची दोन घरं मिळून कोकणात जायलोत, परभणीहून दोन गाड्या, मुरूडला मुक्काम, आणि सोबत माझ्या बहिणीचं लेकरू, साडेसहा महिन्याचं. दोन आठवड्यापासून घरात एकच विषय चालूय, जंजिऱ्याला जाताना बाळाला होडीत घ्यायचं का नाही. दाजी म्हणतात, मी धरून बसतो की घट्ट, काय होतंय. आई म्हणते नको म्हणजे नको. शेवटी मीच बसले आणि यादी काढली, काय बघायचं, काय न्यायचं आणि कुठून गपगुमान माघारी फिरायचं. येलदरीला नाहीतर नळदुर्गला पाण्यात फिरायला जाणार असाल तरी यातलं बरंचसं तसंच लागतं.

सगळ्यात आधी वजनकाटा. हसू नका, अंगणवाडीत जाऊन बाळाचं वजन करून या. अमेरिकेतल्या कोस्ट गार्डचं सांगणं असंय की बाळ मान नीट धरायला लागलं पाहिजे आणि त्याच्या मापाचं लाईफ जॅकेट त्याला बसलं पाहिजे, तोवर बोटीत नेऊच नका, आणि हे साधारण ८ किलोच्या पुढं जमतं. आपल्याकडची बरीच लेकरं ८ किलोला पोचतात तेव्हा वर्षाच्या आसपास असतात. आमचं ध्यान अजून पावणेसात किलोचं आहे, म्हणजे खरं तर इथंच निकाल लागला, पण दाजींना पटवायचं होतं म्हणून पुढचं सगळं.

घट्ट धरून बसू हे जे सगळे म्हणतात ना, ते बोट सरळ चालतेय तोवर ठीक आहे. बोट कलंडली की माणसाचे हात आपोआप सुटतात, काहीतरी धरायला जातात, त्यात आईबापाची माया कमी पडली असं काही नसतं. उजनीचं आठवत असंल, २१ मे २०२४, कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात आईबापासोबतची दोन बारकी लेकरं होती. त्या वाऱ्यात कोण कोणाला धरणार. म्हणून बाळाला स्वतःचं जॅकेट पाहिजे, आईच्या जॅकेटच्या आत घेतलेलं बाळ नको. ओढणीनं पोटाशी बांधायचं नाही, कांगारू बॅगेत तर अजिबात नाही, कारण तुम्ही पालथे पडलात की बाळ तुमच्या खाली पाण्यात, आणि त्या गाठी पाण्यात सुटत नसतात. गाडीतलं कार सीट बोटीत बांधणं पण तसंच, बोट बुडाली की सीटसकट खाली.

आता जॅकेट. बोटवाल्याकडची बहुतेक मोठ्या माणसाच्या मापाची असतात, त्यात बाळ घातलं तर सरळ खालून निसटतं. म्हणून आपलं आपण घेऊन जायचं. त्याला मागं मानेखाली जाड कॉलर पाहिजे, कारण तान्ह्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं लई जड असतं आणि पाण्यात तोंड वर राहायला आधार लागतो. पायाच्या मधून येणारा पट्टा पाहिजे, आणि वर धरून उचलायला हँडल. आत शिवलेल्या चिठ्ठीवर किती किलोसाठी ते लिहिलेलं असतं ते वाचा, थोडं मोठंच घेऊ म्हणजे पुढच्या वर्षी होईल हे झबल्याला ठीक आहे, इथं नाही. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून हळूच वर ओढून बघायचं, जॅकेट कानापर्यंत आलं आणि हनुवटी आत गेली तर ते ढिलं आहे. ऑनलाईन स्वस्तात रंगीबेरंगी दिसतात त्यातले कित्येक नुसते पोहायला शिकायचे असतात, दंडाला लावायचे फुगे तर खेळणंच म्हणा.

जॅकेट आणलं की घरी दोन-तीनदा घालून ठेवा, पहिल्या दिवशी बोंबलतंच ते. नंतर पाण्यात ट्रायल, हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये कमी पाण्यात, स्वतः आत उतरून, हात खाली ठेवून. तोंड वर राहतंय का तेवढं बघायचं, कारण जॅकेट चांगलं असलं तरी सगळीच लेकरं त्यात सारखी तरंगत नाहीत. आणि कोणी शेततळ्यात ट्रायल घेऊ नका बरं, त्या प्लास्टिकवरून मोठा माणूस घसरला तरी वर येत नाही.

बोट कोणती हे पण बघायचं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो म्हणजे मोठं जहाज आहे, गाडी आत जाते, बसायला बंद केबिन, तासाभराचा प्रवास. ती आणि जंजिऱ्याची शिडाची होडी यांना एका मापानं मोजू नका. जंजिऱ्याला होडी दरवाजाच्या पायऱ्यांना लागते, खाली पाणी हलतंय, पायरी शेवाळलेली, आणि तिथं एका हातात बाळ घेऊन उतरायचं. मला तर पूर्ण फेरीपेक्षा त्या चार पावलांची जास्त भीती वाटते. स्पीडबोट तर नावच काढू नका, ती लाटांवर आपटते आणि तान्ह्याच्या मानेला ते झेपत नाही. बसायचंच झालं तर मध्ये, खाली, इंजिनच्या धुरापासून लांब. आणि माणसं जास्त भरली असतील तर पैसे गेले तरी चालतील, उतरायचं.

टायमिंग सकाळचं ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारनंतर वळवाचं कधी भरून येईल सांगता येत नाही आणि धरणाच्या पाण्यावर वारा सुटला की दहा मिनिटात चित्र बदलतं. ऊन पण आहेच, पाण्यावरून उलटून येतं ते वेगळं. सहा महिन्याच्या आतल्या बाळाला उन्हातच न्यायचं नाही, सनस्क्रीनवर भागवायचं नाही. सुती पूर्ण बाह्यांचं झबलं, काठाची टोपी. कुंची आणि दुपट्याची गुंडाळी बोटीत नको, त्यावर जॅकेट बसत नाही आणि ओलं झालं की अंगाला चिकटून बसतं. सहा महिन्याच्या आत असंल तर वरचं पाणी द्यायचं नाही, ऊन आहे म्हणून पण नाही, अंगावरचं दूधच जास्त वेळा.

आमच्या आईची एक सवय, एसटीत बसायच्या आधी सगळ्यांना अर्धी ॲव्होमीन, गाडी लागू नये म्हणून. बाळाला चुकून पण नाही, दोन वर्षाच्या आत ते औषध चालत नाही, श्वास मंदावू शकतो. तसंही एवढ्या लहानाला गाडी-बोट सहसा लागत नाही.

फोनमध्ये ११२ आणि १०८, समुद्रावर असाल तर कोस्ट गार्डचा १५५४. आणि एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा, पाण्यातून काढलेल्या बाळाला उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे करायचं नाही, त्यात वेळ जातो. श्वास नसंल तर तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घेऊन हलकी फुंकर, आणि छाती दोन्ही हातांत धरून दोन अंगठ्यांनी दाब. जवळच्या दवाखान्यात एकदा बाहुलीवर करून दाखवायला सांगा, वाचून येत नाही हे.

तर आमचं ठरलं असं. दोन खेपा करायच्या, आधी आम्ही सगळे किल्ल्यावर जाऊन येणार तोवर बहीण आणि बाळ धक्क्यावर सावलीत, सोबत आई, नंतर बहीण जाणार आणि मी बाळ घेऊन बसणार. दाजी जरा फुगलेत, पण पिशवी त्यांनीच भरायला घेतलीय, त्यात दुर्बीण पण टाकलीय, म्हणे किल्ल्यावरून लेकरू दिसतंय का बघतो.